पुसलेला धूर

काम साधंच होतं. समुद्रातून पाणी भरून आणायचं. वर्षानुवर्षं मी तेच करत आलो होतो, त्यामुळे त्या सकाळी होडीत तेल भरताना माझ्या मनात काही म्हणजे काही नव्हतं.

आमच्या वस्तीच्या वर, टेकाडावर, एक बैठी इमारत आहे. तिच्या गच्चीवर उलटी छत्री ठेवावी तशी एक भली मोठी पांढरी छत्री आभाळाकडे तोंड करून असते. भर दुपारी वरून उपग्रह जातो, समुद्राची चित्रं काढतो आणि ती चित्रं ही छत्री झेलते. मी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, पण ऐकून ऐकून माणसाला कळतं. समुद्राचा रंग सगळीकडे सारखा नसतो. डोळ्यांना न दिसणारे हिरवे जीव जिथे दाटतात, तिथे पाणी हिरवट होतं. ते खायला बारके जीव येतात, त्यांच्या मागे मासे आणि माशांच्या मागे आम्ही. म्हणून त्या इमारतीतल्या केंद्रातून रोज नकाशा निघायचा, आज मासा कुठे मिळेल त्याचा.

आता वरून बघायचं तर मध्ये हवा येते. धूळ येते, धूर येतो, ढग येतात. ते सगळं आधी चित्रातून काढून टाकायचं, मग खालचा समुद्र दिसतो. केंद्रातले साहेब म्हणायचे, "काका, चष्म्यावरची वाफ पुसतो ना आपण? तसं."

आणि चित्रातला रंग खरा की खोटा, हे बघायला मी. उपग्रह डोक्यावरून जाईल त्या वेळी नेमून दिलेल्या जागी होडी उभी करायची. बाटल्या भरायच्या. दोराला बांधलेली एक पांढरी तबकडी पाण्यात सोडायची आणि ती दिसेनाशी झाली की दोर किती गेला ते बघायचं. पाण्यात जीव जितके जास्त, तितकी तबकडी लवकर नाहीशी होते.

साहेब नवीन आले तेव्हा त्यांच्या दारावर डॉक्टर अशी पाटी लागली. वस्तीतली चार माणसं खोकला दाखवायला गेली. साहेबांनी त्यांना बसवून चहा पाजला आणि म्हणाले, "मी समुद्राचा डॉक्टर आहे हो, त्याला खोकला येत नाही." तेव्हापासून ते आमचे झाले. होडीत कसं उभं राहायचं, ओकारी आली की नजर कुठे ठेवायची, हे मी त्यांना शिकवलं. डबा माझा असायचा, जेवायचे ते. धाकट्या भावासारखं मानलं मी त्यांना. हे मुद्दाम सांगतोय.

तर त्या दिवसाचं. केंद्रात एक नवी मॅडम आली होती, हुशार आणि चिवट. तिला चित्रात एक रेघ सापडली. करडी, पातळ, खोल समुद्रातून निघून वाऱ्यावर पसरलेली. आभाळ स्वच्छ असेल त्या प्रत्येक दुपारी तीच रेघ, त्याच जागी. पुसली तरी पुन्हा दुसऱ्या दिवशी हजर. तिने वरच्या कार्यालयाला कळवलं, तिथून हुकूम आला, त्या जागेचं पाणी आणा.

त्या बाजूला साहेबांनी मला कधीच पाठवलं नव्हतं. सगळा समुद्र पालथा घातला आम्ही, पण तो कोपरा नेहमी राहून जायचा.

"मी एकटा जाऊन येतो," मी म्हटलं. "तुम्हाला कशाला उन्हात..."

"नाही. मी येतो." त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

आम्ही निघालो. समुद्र तेल ओतल्यासारखा शांत होता. सुकाणू धरलं की माझ्या डोक्यात पोराचा विषय येतोच, तसा तो तेव्हाही आला. माझा एकुलता एक. स्वतःची लहान होडी घेऊन एकटाच जायचा, बर्फ संपेपर्यंत दोन-तीन दिवस बाहेर राहायचा आणि परतायचा. चार वर्षांमागे असाच शांत समुद्रात गेला आणि आला नाही. ना वादळ, ना लाटा. शोधायला होड्या निघाल्या तेव्हा मी धावत साहेबांकडे गेलो होतो. "वरून बघा हो, काही दिसतं का." त्यांनी चित्रं बघितली. म्हणाले, "काही नाही काका. त्या बाजूला काहीच नाही." मग होड्या दुसऱ्या बाजूला गेल्या.

पुढे एका संध्याकाळी साहेबच घरी आले. उंबऱ्यात उभं राहून खालच्या आवाजात म्हणाले, कुणीतरी त्याला दूरच्या बंदरात बघितलंय. सोबत एक बाई होती. होडी विकली म्हणे.

सून आत भांडी घासत होती. भांड्यांचा आवाज थांबला, मग पुन्हा सुरू झाला.

तिचे हाल मी काय सांगू. ती मासळी निवडायच्या शेडमध्ये कामाला जाते. तिथल्या बायका तोंडावर म्हणायच्या, "तुझा तिकडे मजेत आहे आणि तू इथे म्हाताऱ्याचे सदरे धुतेस." ती उलटून म्हणायची, "म्हातारा सदरे तरी बदलतो, तुमच्या नवऱ्यांना तेही सुचत नाही." शेडमध्ये हशा व्हायचा. घरी आली की मात्र भिंतीकडे तोंड करून पडायची. त्याचे कपडे तिने पोत्यात कोंबून माळ्यावर टाकले. नाव घेणं सोडलं. नवरा मेला म्हणावं तर तो मेलेला नाही, आहे म्हणावं तर आलेला नाही. मी तिला किती वेळा म्हटलं, पोरी, माहेरी जा, नवं घर कर. ती म्हणायची, "आधी त्यांच्या तोंडून ऐकते, बाबा. मग जाते."

म्हणून मला एकच गोष्ट हवी होती. तो आहे की नाही, एवढंच. वाईट असलं तरी चालेल, पण खरं असावं. तिची सुटका झाली असती.

असो. आम्ही त्या जागेच्या जवळ आलो तसा आधी वास आला.

जळक्या दोराचा. मग डांबराचा, मग तेलात भिजलेल्या चिंध्यांचा. मी इंजिन बंद करून झाकण उघडलं, हात लावून बघितलं. सगळं ठीक होतं. वारा नव्हता. चारी बाजूंना पाणी, वर निळंशार आभाळ, कुठे काडीइतका धूर नाही. मागे मागे येणारे पक्षी कधी वळले तेही कळलं नव्हतं.

"काका, काही जळतंय का?" साहेबांनी नाकाला रुमाल लावला होता.

"आपल्यात नाही."

"मग...?"

माझं लक्ष त्यांच्या सदऱ्याकडे गेलं होतं. सदरा पांढरा, त्यावर ऊन लख्ख पडलेलं, आणि त्या उन्हात एक सावली हलत होती. चुलीवर ऊन आलं की धुराची सावली भिंतीवर कशी पडते, बघितली असेल तुम्ही. वळत, फाटत, पुन्हा जुळत जाते. अगदी तशी. फक्त धूर नव्हता. मी वर बघितलं, काही नाही. खाली बघितलं, तर ती सावली त्यांच्या छातीवरून फळ्यांवर उतरली आणि पाण्यावर लांब, लांब पसरत गेली.

"तबकडी सोडा," साहेब म्हणाले. "सोडा लवकर आणि निघू."

मी तबकडी सोडली. ती खाली जायला लागली. माणसाची उंची, दोन माणसांची उंची, ताडाची उंची. एरवी ती आधी हिरवट होते, मग पुसट, मग जाते. ही जाईना. दोर हातातून सरकत राहिला आणि ती तशीच पांढरी, कडासुद्धा दिसत होत्या. त्या पाण्यात काहीच नव्हतं. एक जीव नाही, एक कण नाही. इतकं रिकामं पाणी मी जन्मात बघितलं नव्हतं. दोर संपला. शेवटची गाठ माझ्या मुठीत आली तरी तबकडी खाली दिसत होती, आणि मला वाटलं, वाटलंच म्हणा, की ती आता माझ्याकडे बघतेय.

तेवढ्यात वायरलेस खरखरला. मॅडमचा आवाज.

"सर, उपग्रह वरून जातोय, चित्र उतरतंय... सर, ती रेघ नेमकी तुमच्या होडीतून निघतेय. तुम्ही काही जाळताय का?"

साहेबांनी वायरलेस माझ्याकडे सरकवला.

"सर?"

"नाही," मी म्हटलं. "आम्ही काही जाळत नाही, मॅडम."

"पण इथे धूर दिसतोय, काका. स्वच्छ दिसतोय."

मी दोर ओढायला घेतला. भराभर ओढला. तबकडी वर आली, मी ती हातात घेतली आणि टाकूनच दिली. ती कोरडी होती. एवढ्या पाण्यातून आलेली, आणि ठणठणीत कोरडी. नुसती कोरडी नाही, चुलीपुढून उचलल्यासारखी गरम.

साहेब होडीच्या तळाशी बसले. गुडघे पोटाशी घेऊन, लहान मूल बसतं तसे.

"काका," ते म्हणाले, "मला माफ करू नका."

मी म्हटलं, "काय झालं ते सांगा."

"तुमचा मुलगा इथेच होता."

समुद्र इतका शांत होता की त्यांचा श्वास ऐकू येत होता.

"तो निघाला त्याच दिवशी चित्रात धूर आला होता. बारीक रेघ. नकाशा द्यायची घाई होती. मला वाटलं, कुठलंसं जहाज असेल. हवा काढतात त्यात मी तो काढून टाकला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच. पुन्हा काढला. मग तुम्ही आलात, मुलगा आला नाही म्हणून, आणि तेव्हा मला कळलं..."

"काय कळलं?"

"धूर फक्त उपग्रह जायच्या वेळेला असायचा, काका. जहाजाचा धूर असा वेळ बघून निघत नाही. उपग्रह कधी जातो हे कुणाला माहीत असणार? मासेमाराला? कोणत्या मासेमाराला?"

मला ठाऊक होतं कोणत्या. कारण ते त्याला मी सांगितलं होतं. इंजिन बंद पडलं, कुणी जवळ नसलं, तर घाबरायचं नाही. दुपारी ऊन डोक्यावर आलं की ओल्या चिंध्या, दोर, मिळेल ते जाळायचं, काळा धूर करायचा. वरून आपला साहेब बघतो. तो मला सांगेल, मी येईन. हसला होता तेव्हा. म्हणाला होता, "बाबा, तुमचा साहेब म्हणजे देवच की." पण ऐकलं होतं त्याने. विश्वास ठेवला होता.

"तुम्हाला कळलं," मी म्हटलं, "आणि तेव्हा तो..."

"तेव्हा होता. तुम्ही आलात त्याच्या दुसऱ्या दिवशीही धूर आला."

"आणि तुम्ही मला म्हणालात, काही नाही."

"आधीची चित्रं मीच पुसली होती, काका. विचारलं असतं मला. नोकरी... मला वाटलं, होड्या फिरतायत, सापडेल आपोआप. मग शेवटच्या दिवशी खूप मोठा धूर आला. सगळ्यात मोठा. त्यानंतर काही नाही, ही रेघ पुन्हा येईपर्यंत." ते रडत होते. "मला अजून कळत नाही, त्याच्याकडे एवढं जाळायला उरलं काय होतं?"

"होडी," मी म्हटलं.

ती सावली आता आम्हा दोघांवर होती.

"आणि ते बंदर? ती बाई?"

"तुम्हाला वाटावं तो जिवंत आहे म्हणून..."

मी उठलो. ते मागे सरकले, होडी कलली. "काका, मला इथे ढकलणार नाही ना?"

"नीट बसा," मी म्हटलं. "पडाल."

आणि मी इंजिन चालू केलं. तुम्ही विचाराल, राग नाही आला? खरं सांगायचं तर रागाची पाळीच आली नाही. माझ्या डोक्यात एकच होतं. माझं पोर आभाळाकडे बघत, हातातली एकेक वस्तू आगीत टाकत बसलं होतं आणि म्हणत होतं, बाबा येतील. माझ्या शब्दावर त्याने होडी जाळली. पाण्यात उतरताना त्याला काय वाटलं असेल? साहेबांनी काय केलं ते त्याला कुठे माहीत होतं? शब्द माझा होता. फसवणारा त्याच्या लेखी मीच.

साहेबांनी बदली मागून घेतली. आठवड्याच्या आत गेले. जाताना माझ्या दाराशी आले होते, पण सुनेने दार उघडलं नाही.

तिला मी समुद्रावरून परतलो त्या संध्याकाळीच सगळं सांगितलं होतं. ती रडेल असं वाटलं. तिने एवढंच विचारलं, "रोज दुपारी?"

"हो."

"तुम्ही सांगितलेल्या वेळेला?"

"हो, पोरी."

ती शिडी लावून माळ्यावर चढली, पोतं खाली ओढलं, त्याचे सगळे कपडे धुतले आणि अंगणात दोरीवर वाळत घातले. मग पाठमोरी उभी राहून म्हणाली, "मी त्यांना काय काय बोलले, बाबा. चार वर्षं. रोज."

त्या दिवसापासून समुद्रातली ती रेघ बंद झाली. मॅडमने मला बोलावून दाखवलं, ती जागा आता स्वच्छ निळी. तिला वाटलं मला बरं वाटेल. मला मात्र राहून राहून वाटायचं, त्या दिवशी तो धूर आमच्या होडीतून निघत होता. मग आम्ही परत येताना तो राहिला कुठे?

मी रोज दुपारी अंगणात आग करायला लागलो. ओल्या चिंध्या, जुना दोर. उपग्रहाच्या वेळेला. दिसलं रे बाबा, आता दिसलं, एवढं त्याला कळावं म्हणून. शेजारी म्हणाले, म्हाताऱ्याला चळ लागला. मॅडमने हळूच सांगितलं, "काका, एवढीशी आग चित्रात येत नाही हो. कशाला डोळे जाळून घेताय?" मी म्हटलं, नसू दे येत.

मग मला ताप भरला. अंथरुणातून उठवेना. बाहेर सकाळी पाऊस पडून आभाळ उघडलेलं, अंगण ओलं. दुपारी फोन वाजला. मॅडम होती.

"काका, आज किती मोठी आग लावलीत? आज चित्रात आली."

"मी अंथरुणात आहे गं. आज आग नाही."

पलीकडून कळा दाबल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "पण काका... धूर तुमच्या घरावरूनच निघालाय. आणि वारा समुद्राकडून जमिनीकडे आहे. हा उलटा चाललाय. सरळ समुद्राकडे."

मी फोन कानाशी घट्ट धरला.

"काका, नकाशा द्यायचाय. ही रेघ... मी काढून टाकू?"

"नको," मी म्हटलं. "तू तरी काढू नकोस. राहू दे."

फोन ठेवला. घर शांत होतं. सून आत तांदूळ निवडत असेल असं मला वाटत होतं. तेवढ्यात अंगणातून तिचा आवाज आला. हलका, लाजल्यासारखा, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी असायचा तसा.

"आले, आले..."

मी तिला हाक मारलेली नव्हती.

धडपडत दारात गेलो. ती फाटकापाशी उभी होती, अनवाणी, समुद्राच्या वाटेकडे तोंड करून. मी हात धरून आत आणली तर म्हणाली, "काय झालं, बाबा? तुम्हीच ना बोलावलंत?" तिच्या केसांना डांबराचा वास होता.

तेव्हापासून ऊन डोक्यावर आलं की मी दाराला आतून कडी लावतो आणि दाराला पाठ टेकून बसतो. ती माझ्यासमोर बसते, काहीबाही बोलते, शेडमधल्या बायकांच्या नकला करून मला हसवते. मग मध्येच गप्प होते, मान वळवून ऐकते आणि हसते. बाहेर कुणी ठोठावत नाही. कुणी हाक मारत नाही. नुसतं माझ्या पाठीला लागलेलं लाकूड हळूहळू गरम होत जातं, आणि मी, त्याचा बाप, कडी काढत नाही.